नवनाथ जेवत व्हता तवर

खुटबाव, ४ फेब्रुवारी २००७

सीमा,

जयभीम. आशीर्वाद लिहिणार व्हते, पण माझ्याकडनं तुला तो पायजे का न्हाई कुणाला ठाऊक, म्हणून नुसतं जयभीम.

मी रंगुबाई, तुझी सासू. अक्षर वळखशीलच. पत्ता आपल्या गल्लीतल्या भिमाजीनं दिला. रांजणगावला कंपनीत लागल्यापासनं तो कारेगावात जेवतो. म्हणला, काकू, हायवेच्या कडंला चिनी बाईचं हॉटेल हाय, तिथं तुमची सून पीठ लाटती. मी त्याला गप केलं आन् आतल्या खोलीत नेऊन सगळं विचारलं. तू वाळलीस म्हणला. आपल्या दीक्षाला आता पुढचे दोन दात न्हाईत म्हणला.

चौदा महिने झाले तुला जाऊन. एक फोन न्हाई, चिठ्ठी न्हाई. मला गावात तोंड दाखवाय जागा राहिली न्हाई. जी ती विचारती, सून कुठंय. मी सांगती, माहेरी. माहेरचे म्हणत्यात आमच्याकडं न्हाई.

ते चिनी हॉटेल कसलं हाय? लोक काय काय सांगत्यात. कलकत्त्याची चिनी बाई हाय म्हणे, कंपनीत मशिनी बसवाय चीनवरनं इंजिनेर आले, त्यांच्या जेवणासाठी आली आन् इथंच राहिली. ती पोरीला काय खाऊ घालती ते बघत जा.

नवनाथ बरा हाय. कुरकुंभच्या कंपनीतच हाय, शिफ्ट चालू. नऊ वर्षं झाली, अजून पर्मनंट केला न्हाई, त्यामुळं डोकं तापतं त्याचं. ते तुलाबी म्हाईत हाय. घरात माणूस तापला तर बाईनं जरा दमानं घ्यावं. आम्हीबी घेतलंच की.

हात बरा झाला का? मोरीत पाय घसरला त्याला कोण काय करणार. हाड नीट बसलं नसंल तर दौंडला दाखवू.

परत ये. घरी पत्र टाकू नको, नवनाथ बघंल. भिमाजीच्या पत्त्यावर टाक.

तुझी
रंगुबाई


खुटबाव, २५ फेब्रुवारी २००७

सीमा,

तुझं पत्र आलं न्हाई म्हणून गेल्या रविवारी मीच आले, ते तू बघितलंस. घरी सांगितलं, शिरूरला लग्नाला जाती.

मी कुठं बसले, काय खाल्लं, ते तुला काय सांगायचं, तूच तर ताट आणून ठेवलंस. पण त्या वक्ताला माझ्या मनात काय व्हतं ते तुला म्हाईत न्हाई.

मला वाटलं व्हतं, अंधारी, घाण जागा असंल. तर तीन टेबलं, पत्र्याचं छप्पर, पण भांडी लख्ख. बांबूच्या टोपल्या एकावर एक, आन् वाफ आढ्यापतूर. नागपंचमीला गावात बाया दिंडं उकडत्यात तशी ती डंपलिंग दिसली मला, फक्त आत पुरणाच्या जागी कोबी आन् चिकन. शेजारच्या टेबलावरची बिहारची पोरं त्याला पिट्ठा म्हणत व्हती. कोपऱ्यातले दोन चिनी इंजिनेर काड्यांनी खात व्हते आन् मान वर करत नव्हते. म्हंजी ज्याला त्याला आपल्या घरचंच काहीतरी वाटत व्हतं.

मी आठ खाल्ली. चव चांगली हाय. चुण्या तू घातल्या व्हत्यास ते बघूनच कळलं. मग ध्यानात आलं, चुण्या सगळ्या डाव्या हातानं घातलेल्या हायत. उजव्यानं तू नुसतं धरत व्हतीस. मला पाणी देतानाबी डाव्या हातानं दिलंस. मला वाटलं अपमान केला. बसमधी बसल्यावर उमजलं.

मी दीक्षाला बघाय आले, असं तुला म्हणले. ते अर्धं खरं. नवनाथनं पोरीचा ताबा मागाय दौंडच्या कोर्टात अर्ज केलाय. त्याचा वकील म्हणतो, सून मोरीत घसरून पडली असं सासूनंच डॉक्टरला सांगितलंय, तिनं तेच कोर्टात सांगितलं की झालं, सून खोटी पडती. मला तेवढंच सांगायचं हाय. आन् त्याआधी तुला गोडीनं घरी आणता आलं तर कोर्टाची पायरीच नको, म्हणून मी आले व्हते.

तुझ्यापुढं ते तोंडातनं निघालं न्हाई. आन् तू एकच वाक्य बोललीस. "आत्या, त्या दिवशी तुम्ही बाहेरनं दार लावून घेतलं व्हतं." एवढं बोलून टोपली उचलून आत गेलीस, ती मी जाईपतूर बाहेर आली न्हाईस.

दार वाऱ्यानं लागलं असंल. जुनं दार हाय, लागतं. मी अंगणात तांदूळ निवडत व्हते, मला काय म्हाईत आत काय चाललंय.

मालकीणबाईनं, ल्यूबाईनं, पैसे घेतले न्हाईत. "दीक्षा की दादी हो ना, माँजी," म्हणली. मला शरम वाटली. मी तिच्याकडनं हॉटेलचं कार्ड तेवढं मागून घेतलं.

रंगुबाई

ता. क. त्या दिवशी वारा नव्हता.


खुटबाव, २१ मार्च २००७, बुधवार, दुपारी

सीमा,

घात झाला. माझ्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवलेलं कार्ड नवनाथच्या हाती लागलं. तो कोर्टाचे कागद शोधत व्हता. कार्डावर पत्ता हाय, फोन नंबर हाय. मला म्हणला, "आये, हे काय?" मी म्हणले, भिमाजीनं दिलं, हॉटेलची जाहिरात हाय. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला खोटं बोलता येतं असं मी आयुष्यभर समजत व्हते. त्याच्यापुढं न्हाई जमलं.

तो काय म्हणला ते मला लिहिता येत न्हाई. आत्ता सेकंड शिफ्टला गेला. जाताना म्हणला, उद्या सुट्टी हाय, उद्या जातो. आन् कंपनीतनं येताना एक वस्तू आणतो म्हणला.

फोन करावा तर कार्ड त्याच्या खिशात. नंबर मी पाठ केला नव्हता. भिमाजी पहिल्या शिफ्टचा, सांजच्याला येईल, पण त्याला म्हाईत झालं तर गल्लीला म्हाईत झालं, आन् नवनाथला त्याच्याच तोंडून कळंल की मी फोन करवला. मला धीर झाला न्हाई. हे बी लिहून ठेवते.

पत्र टाकलं तर शनिवारी पोचंल. म्हणून टाकत न्हाई. पहाटेच्या पहिल्या गाडीनं मीच येती, चौफुला, न्हावरा, शिरूर, कारेगाव. तो उठून मोटरसायकल काढीपतूर मी पोचायला पायजे. वाटंत मला काही झालं तर हे पत्र पिशवीत सापडंल, म्हणून लिहिलं.

रंगुबाई


दौंड, २६ मार्च २००७

सीमा,

मी झुंबरबाईकडं हाय, माझ्या धाकट्या बहिणीकडं. ल्यूबाईनं तुला कुठं ठेवलंय ते मी विचारलं न्हाई, मला सांगूबी नको. हे पत्र आन् पिशवीतलं बुधवारचं पत्र तिच्याच हाती देणार हाय.

गुरुवारी हॉटेलात काय झालं ते तुला नीट कुणी सांगितलं नसणार. ल्यूबाईला मराठी कळत न्हाई, आन् टेबलावर आम्ही दोघंच व्हतो. तुला कळायचा हक्क हाय. कमीजास्त न करता सांगते.

मी साडेदहाला पोचले. ल्यूबाई कोबी चिरत व्हती. मी विचारलं सीमा कुठं, तर म्हणली शिरूर, सामान लाने गयी, बच्ची को भी ले गयी, बारा बजे आयेगी. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, मेरा लडका आ रहा है, अच्छे काम के लिये नहीं आ रहा. तिनं सुरी खाली ठेवली. एवढंच विचारलं, "मारेगा?" मी म्हणले, "उससे बुरा." तिनं तिच्या बहिणीला स्कूटर देऊन शिरूरच्या स्टँडवर पाठवलं, तुला तिथंच थांबवाय. मला म्हणली, आप भी जाओ. मी म्हणले, न्हाई. तो आला आन् तू दिसली न्हाईस तर तो हुडकत फिरंल. शिरूरला जाईल, खोलीवर जाईल. त्याला एका जागी बसवाय कुणीतरी पायजे.

दाराजवळच्या टेबलावर बसले. पावणेबाराला मोटरसायकल वाजली.

त्याच्या हातात रेक्झिनची पिशवी व्हती, डब्याची असती तसली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली. आदल्या दिवशी लिहिलं न्हाई ते आता लिहिते. तो म्हणला व्हता, तोंड कुणाला दाखवायच्या लायकीची ठेवत न्हाई तिला. कंपनीत तो कसल्या टाक्यांवर हाय तुला म्हाईत हाय. त्याच्या कामाच्या पँटीला पडलेली भोकं तूच शिवत व्हतीस.

मला बघून तो दारातच थबकला.

"आये? तू हितं?"

"जेवाय आले. बस."

"ती कुठंय?"

"माल आणाय गेलीया. येईल अर्ध्या तासात. तवर खाऊन घे. सकाळपासनं काही खाल्लंस का?"

"न्हाई."

"मग बस की."

बसला. का बसला ते मला अजून कळत न्हाई. उपाशी व्हता, आन् आईनं बस म्हणलं की बसायची सवय असंल. पिशवी मांडीवर ठेवली, एक हात तिच्यावर. मी ल्यूबाईला बोट करून एक प्लेट सांगितली. वाफाळती आली. एका हातानं त्याला उचलता येईनात, निसटत व्हती. चटणीची वाटी सांडली. तवा त्यानं पिशवी खाली ठेवली, दोन पायांच्या मधी, आन् दोन्ही हातांनी खाऊ लागला.

सीमा, मी पोराला खाताना कायम बघत आलीय. त्या दिवशी मी त्याच्या पायाकडं बघत व्हते. मी माझी चप्पल काढली आन् अंगठा पिशवीच्या बंदात घातला. जराशी ओढायची, थांबायची. बाटली आडवी झाली असती तर काय झालं असतं ठाऊक न्हाई, बूच कसलं व्हतं तेबी ठाऊक न्हाई. तो म्हणला, "चांगलं हाय हे. काय म्हणत्यात ह्याला?" मी म्हणले, डंपलिंग. म्हणला, "आपल्याकडं का करत न्हाईत?" मी दुसरी प्लेट सांगितली.

तू केलेली हायत, हे मी त्याला सांगितलं न्हाई.

तो बोलत व्हता. ठेकेदार बदलला, पगार पुढं ढकलला, रातचं झोपल्यावर छातीत जळजळतं. म्हणला, "आये, ती आली की तू बोल तिच्याशी. सांग मी बदललोय."

"बाटली घेऊन?"

त्याचा घास थांबला. मला वाटलं आता खाली बघतो. न्हाई बघितलं. म्हणला, "ती नुसती भीती दाखवाय. घरी यायला तयार झाली तर कशाला काढतोय."

तवर पिशवी माझ्या पायाशी आली व्हती. मी पदर सावरायच्या निमित्तानं वाकले आन् ती मांडीवर घेतली. रेक्झिन गार व्हतं. वरनं पदर टाकला आन् तिसरी प्लेट सांगितली. सव्वाबारा झाले. ल्यूबाई दर वेळी प्लेट घेऊन यायची आन् माझ्याकडं बघायची, अजून न्हाई म्हणून डोळ्यांनीच सांगायची. शिरूर गाडीवर किती लांब हाय? तुला उशीर झाला असंल, चुकामूक झाली असंल, तू दुसऱ्या गाडीनं निघाली असशील, असं सगळं मनात येत व्हतं. रस्त्यावर सहाआसनी थांबली की माझा जीव जात व्हता. एकदा लाल साडीची बाई उतरली, कडंला पोर. नवनाथ अर्धा उठला. तू नव्हतीस.

साडेबाराला स्कूटर आली. ल्यूबाईनं मान हलवली. तू सापडली व्हतीस.

तवा मला उठून जाता आलं असतं. ल्यूबाईच्या खोलीत शिरून कडी लावता आली असती. पण मी कितीदा दार लावू? मी बसूनच राहिले आन् म्हणले, "नवनाथ, ती येणार न्हाई. मी कळवलं तिला."

त्याला उमजाया वेळ लागला. तोंडात घास व्हता.

मी म्हणले, "आन् कोर्टात मी घसरून पडली म्हणून सांगणार न्हाई. तू तिचा हात पिरगळलास. मोडल्यावरबी सोडला न्हाईस. मी अंगणात व्हते. मी बाहेरनं कडी लावली, शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून. ती 'आत्या, आत्या' म्हणत व्हती, तुझं नाव घेत नव्हती, माझं घेत व्हती. आन् मी तांदूळ निवडत बसले."

सीमा, हे तुला म्हाईत हाय. पण मी तोंडानं बोलले ते पहिल्यांदा त्याच्यापुढं, म्हणून तसंच लिहिलं.

त्यानं टेबलाखाली पायानं चाचपलं. मग माझ्या पदराकडं बघितलं.

"आये, पिशवी दे."

"न्हाई."

"दे म्हणतो ना."

त्यानं माझं मनगट धरलं. जिथं तुझं धरलं व्हतं तिथंच, आन् तसंच, अंगठा आतनं घालून. मी दुसऱ्या हातानं बाटली छातीशी धरली. मला वाटलं सांडली तर माझ्यावर सांडंल, सांडू दे. मी ओरडले न्हाई. ल्यूबाई ओरडली. बिहारची पोरं उठली, चार-पाच जण, एकजण म्हणला, "छोड़, माँ है तेरी." चिनी इंजिनेरबी उभे राहिले, त्यांना काही कळलं नसंल, पण एकानं नवनाथच्या खांद्यावर हात ठेवला. नवनाथनं सगळ्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं. डोळ्यांत पाणी व्हतं त्याच्या. मला म्हणला, "तू माझी आई व्हतीस."

मनगट सोडलं आन् गेला. मोटरसायकल शिरूरकडं न वळता पुण्याकडं वळली, तेवढं बघितलं.

मग मी आन् ल्यूबाई रांजणगावच्या चौकीत गेलो. हवालदारानं बाटलीतला थेंब शहाबादी फरशीवर टाकला. फेस आला, फरशीला पांढरा डाग पडला. तो खुर्ची मागं सारून म्हणला, "मावशी, कुणी आणली ही?" मी नाव सांगितलं. बापाचं नाव, वय, पत्ता, कंपनी, मोटरसायकलचा नंबर. सगळं सांगितलं. तो म्हणला, तुम्ही कोण त्याच्या. मी म्हणले, आई. त्यानं पेन थांबवलं, माझ्याकडं बघितलं आन् मग लिहिलं.

त्याला दुसऱ्या दिवशी उरुळीला धरला. मी भेटाय गेले न्हाई. डबाबी दिला न्हाई. झुंबरबाई म्हणती तू दगड हायस. असंल. इतकी वर्षं मऊ राहून काय केलं.

माफी मागत न्हाई. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागंल, आन् ते ओझं मला तुझ्यावर टाकायचं न्हाई. तारखेला मी येईन आन् खरं सांगीन, एवढंच.

रंगुबाई


दौंड, ११ ऑगस्ट २००७

सीमा,

परवाच्या साक्षीवर कालच निकाल झाला, तुझ्या वकिलीणबाईकडनं कळला. दीक्षा तुझ्याकडंच राहणार. बाटलीची केस वेगळी चालंल, त्यातबी माझी साक्ष हाय. नवनाथ जामिनावर सुटलाय, पण त्याला शिरूर तालुक्यात पाय ठेवायची बंदी हाय. तो खुटबावच्या घरात हाय, म्हणून मी तिकडं जात न्हाई. इथं रेल्वे कॉलनीत दोन घरी सैपाकाला जाती. दिवस जातो.

परवा कोर्टात तू माझ्याकडं बघत नव्हतीस, ते बरंच झालं. बघितलं असतंस तर माझी जीभ अडकली असती. त्याच्या वकिलानं मला किती फिरवलं ते तू ऐकलंस. आधी खोटं बोललात, मग आता खरं कशावरनं? मी म्हणले, साहेब, आधीचं खोटं माझ्या फायद्याचं व्हतं, आत्ताच्या खऱ्यात माझा पोरगा जातोय, तुम्हीच ठरवा. तो म्हणला, मुलावर राग आहे का तुमचा? मी म्हणले, न्हाई. ते खरं हाय. मला त्याचा राग करता येत न्हाई. जेवला का न्हाई हेच मनात येतं अजून. हेबी तुझ्यापासनं लपवत न्हाई.

तो पिंजऱ्याच्या पलीकडं बाकावर बसला व्हता, खाली मान घालून. केस पिकलेत त्याचे, दोन्ही कानांवर. तीस वर्षांचा हाय.

पत्र लिहायचं कारण वेगळंच हाय.

साक्ष झाल्यावर मी बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसले व्हते. तू दीक्षाला घेऊन फाटकाकडं निघाली व्हतीस. वकिलीणबाई पुढं गेली. तू पाच-सहा पावलं गेलीस आन् वळलीस. माझ्यापासनं दोन हातांवर येऊन उभी राहिलीस. दीक्षानं तुझ्या ओढणीचा शेव धरला व्हता, मला वळख दाखवली न्हाई तिनं. तू म्हणलीस, "आत्या, जेवलात का?"

मी म्हणले, "व्हय, जेवले."

तू मान हलवलीस आन् गेलीस.

सीमा, मी जेवले नव्हते. सकाळपासनं पाण्याबिगार पोटात काही नव्हतं, आदल्या दिवसापासनंच म्हण. तू विचारलंस आन् माझ्या तोंडातनं सवयीनं खोटं निघालं. खरं सांगितलं असतं तर तुला थांबावं लागलं असतं, काहीतरी करावं लागलं असतं, म्हणून असंल. का आन् कशामुळं, मला ठाऊक न्हाई. दोन दिवस तेच मनात हाय. एवढी मोठी साक्ष दिली आन् तुझ्या एका सवालाला खोटं बोलले.

न्हाई जेवले, पोरी.

रंगुबाई